युद्धकाळात घडणारी गूढ विज्ञान-श्रुतिका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युद्धाचे सावट, विज्ञानातली एखादी शक्यता आणि त्या शक्यतेच्या पलीकडून आलेले काहीतरी अनाकलनीय असे तीन पदर एकत्र विणलेली श्रुतिका लिहू पाहणारे, बसवू पाहणारे आणि नुसती ऐकणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. मी या प्रकारच्या श्रुतिका लिहितो आणि ध्वनिमुद्रणालाही हजर असतो. त्यामुळे काही उत्तरांत माझी मते आली आहेत आणि ती मी लपवलेली नाहीत. उदाहरणे मुख्यतः दोन्ही महायुद्धांच्या काळातली आहेत, कारण बिनतारी संदेशवहन आणि रेडिओ यांची वाढ त्याच काळात झाली आणि माणसाने यंत्राला कान लावून जगायला सुरुवात केली तीही तेव्हाच.

अशी श्रुतिका भयकथा मानावी की विज्ञानकथा?

नियम कोण पाळतो, यावर ते ठरते. भयकथेतल्या भुताला नियम सांगावे लागत नाहीत. विज्ञानकथेत मात्र एखादी गोष्ट अशक्य वाटली, तरी ती कोणत्या परिस्थितीत घडते, तिला किती वेळ लागतो आणि तिची किंमत काय, हे ठरलेले असते. आपण ज्या प्रकाराबद्दल बोलत आहोत त्यात अमानवी घटनेलाही हिशेब असतो. मेलेला माणूस बोलतो, पण तो ठरावीक लहरीवरच बोलतो, ठरावीक वेळीच बोलतो, आणि यंत्र बिघडले की त्याचाही आवाज तुटतो. श्रोत्याला हा हिशेब हळूहळू कळत जातो आणि एका क्षणी तो मोडतो. भीती त्या मोडण्यात असते, म्हणून आधी तो नीट मांडावा लागतो.

यासाठी युद्धकाळच का निवडावा?

कारण युद्धात ऐकण्यावर जीव अवलंबून असतो, आणि श्रुतिकेच्या श्रोत्याजवळ ऐकण्यावाचून दुसरे काहीच नसते. पात्र आणि श्रोता एकाच अवस्थेत असण्याची ही संधी दुसऱ्या कोणत्याही पार्श्वभूमीवर इतक्या सहज मिळत नाही.

बीबीसीसाठी खास लिहिलेले पहिले नभोनाट्य १५ जानेवारी १९२४ रोजी प्रसारित झाले. ते कोळशाच्या खाणीत घडते आणि सुरुवातीलाच दिवे जातात. खाणीतल्या माणसांना दिसत नाही आणि श्रोत्यालाही दिसत नाही, त्यामुळे पात्रांनी एकमेकांना विचारलेला प्रत्येक प्रश्न श्रोत्याचाही प्रश्न होतो. युद्धातला ब्लॅकआउट, म्हणजे रात्री बाहेर उजेड दिसू न देण्याची सक्ती, हेच काम करतो. ब्रिटनमध्ये तो १ सप्टेंबर १९३९ पासून, म्हणजे युद्धाची औपचारिक घोषणा होण्याच्या दोन दिवस आधीच लागू झाला होता. अंधाऱ्या रस्त्यावर समोरून येणारा माणूस पावलांवरून ओळखायचा, विमान आपले की शत्रूचे हे इंजिनाच्या घरघरीवरून ठरवायचे आणि भोंगा चढ-उताराचा आहे की सलग आहे यावरून तळघरात जायचे की बाहेर यायचे हे समजून घ्यायचे, असे त्या काळातले जगणे होते.

त्याआधीही आकाशाला कान लावण्याची खटपट झाली होती. इंग्लंडच्या केंट परगण्यात डेंज येथे १९२८ ते १९३० या काळात काँक्रीटचे मोठाले ध्वनिदर्पण बांधले गेले. एक २० फुटांचा, एक ३० फुटांचा आणि एक तर २०० फूट लांबीची वक्र भिंत. समुद्रावरून येणाऱ्या विमानांचा आवाज त्यांच्यात एकवटायचा आणि तो टिपायला माणूस बसवलेला असायचा. पुढे रडार आले आणि ही बांधकामे निरुपयोगी झाली, पण ती अजून उभी आहेत. मला स्वतःला त्या भिंतीइतकी बोलकी जागा या प्रकारच्या कथेसाठी दुसरी सुचत नाही.

आणखी एक प्रसंग मी नव्या लेखकांना नेहमी सांगतो. बीबीसी १९२४ पासून नाइटिंगेल पक्ष्याचे गाणे बागेतून थेट प्रसारित करत असे. १९ मे १९४२ रोजी सरे परगण्यातल्या बागेत माइक लावलेले असताना पक्षी गाऊ लागला आणि त्याच वेळी जर्मनीकडे निघालेल्या बॉम्बफेकी विमानांचा ताफा वरून जाऊ लागला. हा आवाज प्रसारित झाला तर शत्रूला आगाऊ सूचना मिळेल हे तंत्रज्ञाच्या लक्षात आले आणि त्याने थेट प्रसारण थांबवले. ध्वनिमुद्रण मात्र चालू राहिले व ते आजही उपलब्ध आहे. एक पक्षी गातो आहे, इंजिनांची घरघर वाढत जाऊन ओसरते आहे आणि पक्षी गातच राहतो. त्यात ना संवाद आहे, ना संगीत.

विज्ञान आणि अमानवी घटना एकत्र नांदवायच्या कशा? एक खरे वाटले की दुसरे खोटे पडत नाही का?

खऱ्या विज्ञानाच्या इतिहासातच अशा जागा आहेत जिथे काही काळ कोणालाच काही कळत नव्हते. त्या जागा शोधाव्यात. माझ्या मते तीन जागा या प्रकारासाठी फार मोलाच्या आहेत.

पहिली जागा पहिल्या महायुद्धातली आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश बार्कहाउझेन आघाडीवर प्रवर्धक (आवाज मोठा करणारे यंत्र) लावून शत्रूची टेलिफोनवरची बोलणी चोरून ऐकत असताना त्यांना बोलण्याऐवजी मधूनमधून विचित्र शीळ ऐकू येई. उंच स्वरातून सुरू होऊन एक-दोन सेकंदांत खोल उतरत जाणारी ही शीळ ऐकून सैनिक म्हणत, तोफगोळे उडत आहेत. बार्कहाउझेन यांनी १९१९ मध्ये या आवाजांची नोंद प्रसिद्ध केली. खुलासा मिळायला १९५३ साल उजाडले. विजेच्या कडकडाटातून निघालेल्या लहरी पृथ्वीच्या चुंबकीय रेषांवरून हजारो किलोमीटर अवकाशात जाऊन दुसऱ्या गोलार्धात उतरतात आणि वाटेत उच्च कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) लहरी आधी व नीच कंप्रतेच्या मागाहून पोहोचतात, म्हणून ती शीळ उतरती ऐकू येते. म्हणजे खंदकातला सैनिक दुसऱ्या गोलार्धातले वादळ ऐकत होता आणि त्याला ते मरण वाटत होते. लेखकाने यात स्वतःची भर फारच थोडी घालावी.

दुसरी जागा १९२७ मधली. नॉर्वेतील अभियंता यॉर्गेन हाल्स यांना लघुलहरींवरच्या संकेताचा प्रतिध्वनी काही सेकंदांनी ऐकू आला. रेडिओलहर पृथ्वीला प्रदक्षिणा घालायला सुमारे एकसप्तमांश सेकंद घेते आणि चंद्रावर जाऊन परत यायला अडीच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. नोंदलेले काही प्रतिध्वनी मात्र त्याहून कितीतरी उशिरा, दहा-पंधरा सेकंदांनीही आले. अनेक उपपत्ती मांडल्या गेल्या, पण सर्वमान्य अशी एकही ठरलेली नाही. इतक्या वेळ तो संकेत कुठे होता, हा प्रश्न शास्त्राचाही आहे आणि गूढकथेचाही.

तिसरी जागा एका माणसाच्या दुःखाची आहे. सर ऑलिव्हर लॉज हे बिनतारी संदेशवहनाच्या आद्य संशोधकांपैकी एक. १८९४ मध्ये त्यांनी बिनतारी संकेतांची प्रात्यक्षिके करून दाखवली होती. सप्टेंबर १९१५ मध्ये त्यांचा मुलगा फ्लँडर्सच्या आघाडीवर मारला गेला आणि मृतात्म्यांशी संपर्क असल्याचे सांगणाऱ्या माध्यमांच्या (मीडियमच्या) बैठकांतून तो आपल्याशी बोलतो आहे, असे मानणारे पुस्तक त्यांनी पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केले. हवेतून अदृश्य संकेत येऊ शकतो हे ज्याने स्वतः सिद्ध करून दाखवले होते, त्याने मुलाचा संकेतही येईल अशी आशा धरली. या माणसाकडे कुत्सितपणे पाहणारी श्रुतिका मी लिहिणार नाही आणि कोणी लिहूही नये. विज्ञान आणि अमानवी गोष्ट यांचा सांधा असाच असतो. शोकात बुडालेल्या माणसाच्या हाती त्याचेच यंत्र असते आणि ते त्याला खाली ठेववत नाही.

एखादा प्रसंग कसा बांधावा, याचे उदाहरण द्याल का?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ‘वाय सर्व्हिस’मध्ये शत्रूचे बिनतारी संदेश ऐकून लिहून घेण्याचे काम चाले आणि त्या कामावर स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. संदेश गुप्त लिपीत असल्यामुळे ऐकणारीला त्याचा अर्थ कळत नसे, पण संदेश पाठवणारा माणूस कळत असे. मोर्स या आखूड आणि लांब ठोक्यांच्या संकेतलिपीची कळ दाबण्याची प्रत्येकाची लकब निराळी असते. कोणाची डॅश (लांब ठोका) किंचित लांबते, कोणी दोन अक्षरांमध्ये अडखळतो. हस्ताक्षर ओळखावे तसा तो ‘हात’ ओळखता येई.

आता प्रसंग असा घ्या. रात्रपाळीला बसलेली एक तरुणी आठ महिने एकाच माणसाचा हात ऐकते आहे. त्याचे नाव तिला माहीत नाही आणि भाषाही येत नाही, पण त्याला सर्दी झाली असावी किंवा आज तो घाईत आहे, एवढे तिला ठोक्यांच्या चालीवरून जाणवते. एके रात्री संदेश पाठवता पाठवता तो मधेच तुटतो. त्याचे ठाणे उद्ध्वस्त झाल्याचे दुसऱ्या दिवशी तिच्या कानावर येते. त्यानंतर सहाव्या रात्री त्याच लहरीवर तोच हात पुन्हा सुरू होतो. तीच ओढलेली डॅश. ती सवयीने लिहून घेते आणि मग लक्षात येते की हा संदेश तीन आठवड्यांपूर्वी आपण याच वहीत लिहिला आहे, अक्षर न अक्षर तोच. तिचा वरिष्ठ उशिराच्या प्रतिध्वनींविषयी वाचलेला माणूस आहे. तो तिला खुलासा देतो आणि खुलासा पटतो. श्रोत्यालाही पटला पाहिजे. पुढच्या रात्री मागचेच संदेश एकामागून एक येऊ लागतात, प्रत्येक खेपेला मूळ संदेश आणि त्याची पुनरावृत्ती यांतले अंतर कमी होत जाते आणि शेवटी तो संदेश येतो जो त्या रात्री अर्धवट तुटला होता. या वेळी तो तुटत नाही.

या सबंध प्रसंगात भूत एकदाही बोलत नाही. पेन्सिलीचा कागदावरचा आवाज, हेडफोनमधली खरखर आणि मोर्सचा सूर एवढ्यावर तो उभा आहे. पेन्सिल कुठे थांबते, हे संहितेत लिहून ठेवावे, कारण तिचा हात थांबला की श्रोत्याचा श्वास थांबतो. एक तांत्रिक बाब सांगतो. तारयंत्राची कट्टकट्ट आणि बिनतारी मोर्सचा सूर हे दोन वेगळे आवाज आहेत. हेडफोनमध्ये सूरच ऐकू येतो, तेव्हा तयार ध्वनिसंग्रहातली कट्टकट्ट येथे चिकटवू नये.

काळाशी प्रामाणिक राहण्यासाठी कोणत्या चुका टाळाव्यात?

सर्वांत जास्त आढळणारी चूक रेडिओच्या बटणाची असते. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, रेडिओ लावल्याबरोबर बोलत नाही. व्हॉल्व्ह तापायला काही वेळ जातो, मग हलकी गुणगुण येते आणि मग आवाज वर चढतो. संहितेत हा वेळ वगळण्याचा मोह होतो, पण तो फार उपयोगाचा असतो. तीन वेळा श्रोत्याला ती वाट पाहायला लावली आणि चौथ्या वेळी बटण फिरवताच, व्हॉल्व्ह थंड असतानाच आवाज आला, तर काहीतरी भयंकर घडले आहे हे कोणत्याही पात्राला सांगावे लागत नाही.

दुसरी चूक टेपची. ‘मृताचा आवाज टेपवर उमटला’ ही कल्पना सर्वांनाच आवडते. चुंबकीय फितीचे ध्वनिमुद्रण यंत्र १९३५ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांसमोर आले आणि युद्धकाळात ते मुख्यतः जर्मनांकडेच होते. लंडनमधले पात्र १९४१ मध्ये ध्वनिमुद्रण करत असेल, तर ते चकतीवर करील. चकतीवर सुई कोरत जाते, तिचा सतत सरसर आवाज असतो आणि चकती काही मिनिटांत संपते. आवाज बोलत असताना चकती संपणे ही अडचण फितीवर इतक्या लवकर येत नाही.

ब्रिटनमधल्या कथेत चर्चच्या घंटा पार्श्वभूमीला वाजवताना तारीख पाहावी. जून १९४० पासून त्या बंद होत्या, कारण त्या केवळ शत्रूच्या आक्रमणाची सूचना देण्यासाठी राखून ठेवल्या होत्या. इजिप्तमधल्या अल अलामीनच्या विजयानिमित्त १५ नोव्हेंबर १९४२ रोजी त्या अपवाद म्हणून वाजल्या आणि बंदी १९४३ मध्ये उठली. म्हणजे १९४१ च्या रात्री दूरवर घंटा वाजली, तर त्या गावातला प्रत्येक माणूस उठून उभा राहील. रेडिओवरचा हवामानाचा अंदाजही युद्धकाळात बंद होता. शत्रूच्या विमानांना त्याचा उपयोग झाला असता.

बॉम्ब आणि तोफांचे आवाज किती मोठे ठेवावेत?

जेवढे वाटतात त्याच्या निम्मे, आणि तेही क्वचित. सलग दहा मिनिटे धमाके ऐकवले की कान ते ऐकणे सोडून देतो आणि मग खऱ्या धमाक्याला काही उरत नाही. आवाजापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळेकडे अधिक लक्ष द्यावे.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. साडेतीन किलोमीटरवर तोफ डागली, तर तिचा उजेड लगेच दिसतो आणि आवाज दहा सेकंदांनी येतो. खंदकातले एक पात्र उजेड पाहून आकडे मोजू लागते, एवढ्यानेच अंतर कळते आणि चित्रही उभे राहते. जर्मनीने जून १९४४ पासून लंडनवर सोडलेल्या व्ही-१ या उडत्या बॉम्बचे इंजिन फटफट आवाज करत डोक्यावर येई. तो आवाज चालू आहे तोवर माणसे काम करत राहत. आवाज बंद पडला की बॉम्ब खाली येऊ लागे आणि मग काही सेकंद पूर्ण शांतता असे. श्रुतिकेत त्या शांततेत एक शब्दही घालू नये. संगीत तर नकोच.

सप्टेंबर १९४४ पासून आलेले व्ही-२ क्षेपणास्त्र आवाजापेक्षा वेगवान होते. त्यामुळे आधी स्फोट होई आणि ते येत असल्याचा आवाज त्यानंतर ऐकू येई. कारणाच्या आधी परिणाम आला, असा अनुभव माणसांनी रस्त्यावर उभे राहून घेतला. काळाशी खेळणारी कथा सुचत नाही म्हणणाऱ्यांनी हे वाक्य समोर ठेवून बसावे.

मृताचा किंवा अमानवी शक्तीचा आवाज कसा तयार करावा? घुमारा द्यावा का?

घुमारा देऊ नये. घुमारा ही जुनी खूण आहे आणि ती ऐकताच श्रोता सुटकेचा निःश्वास टाकतो, कारण हे भूत आहे आणि हे नाटक आहे, दोन्ही त्याला कळलेले असते. माझ्या पहिल्या संहितेत मी घुमाराही घातला होता आणि आवाज खालच्या पट्टीतही नेला होता. वाचनाच्या वेळी सगळे गंभीर होते, पण ऐकवल्यावर एकाच्याही चेहऱ्यावर भीती दिसली नाही.

सोपा आणि अधिक परिणामकारक मार्ग जागेचा आहे. प्रत्येक खोलीला स्वतःचा आवाज असतो. तळघरात दगडी भिंतींचा, बराकीत लाकडाचा आणि तंबूत कापडाचा. जिवंत पात्रे त्या खोलीच्या आवाजात बोलतात. मृत पात्र त्याच खोलीत उभे असले, तरी त्याच्या बोलण्यात त्या खोलीचा आवाज नसावा. ते माइकच्या अगदी जवळून, कोरडे, साध्या बोलण्याच्या सुरात यावे. श्रोत्याला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते. अभिनेत्यानेही ‘भुतासारखे’ बोलू नये. त्याला एवढेच सांगावे की तुला घरी जायला उशीर झाला आहे आणि तू समजूत घालतो आहेस.

ऐकू न येणारे खोल ध्वनी वापरून भीती निर्माण करता येते का?

हा प्रश्न १९९८ मधल्या एका लेखामुळे विचारला जातो. एका प्रयोगशाळेत माणसांना अस्वस्थ वाटे, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसे आणि त्याचे मूळ पंख्यामुळे निर्माण होणाऱ्या सुमारे १९ हर्ट्झच्या (सेकंदाला १९ कंपनांच्या) लहरीत असावे, असे ब्रिटिश अभियंता विक टँडी यांनी मांडले. कथेसाठी ही कल्पना उत्तम आहे. तंत्र म्हणून ती निरुपयोगी आहे, कारण माणसाची श्रवणमर्यादा साधारणपणे २० हर्ट्झपासून सुरू होते आणि फोनचे स्पीकर किंवा साधे हेडफोन इतका खोल ध्वनी नीट काढूच शकत नाहीत.

निवेदक असावा का?

बहुतेक वेळा नसावा. निवेदक आला की कोणीतरी हे सर्व पाहून, वाचून, परत येऊन सांगते आहे असे होते आणि युद्धातली अनिश्चितता संपते. त्याऐवजी अहवाल, पत्र, बिनतारी संभाषण किंवा नोंदवही यांचा आधार घ्यावा. युद्धात सगळ्याची नोंद ठेवली जाते, त्यामुळे ते ओढूनताणून वाटत नाही. मात्र पत्र लिहिणारे पात्र पत्राच्या मध्यावर असताना बाहेर भोंगा झाला, तर पत्र तिथेच थांबले पाहिजे.

श्रुतिका बातमीपत्राच्या रूपात केली तर चालेल का?

चालेल, पण हे हत्यार जपून वापरावे. अमेरिकेत ३० ऑक्टोबर १९३८ रोजी सीबीएस या रेडिओ कंपनीवर परग्रहवासीयांच्या हल्ल्याचे नाटक बातम्यांच्या रूपात झाले. देशभर हाहाकार माजल्याची वर्णने वर्तमानपत्रांनी फुगवली होती, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. तरी काही लोक खरोखर घाबरले, आणि युरोपातल्या युद्धाच्या धास्तीने त्या काळी रेडिओला कान लावून बसण्याची सवय लागली होती, हे त्यामागचे एक कारण होते. फेब्रुवारी १९४९ मध्ये इक्वाडोरच्या किटो शहरात तेच कथानक स्थानिक नावे घालून सादर झाले, तेव्हा मात्र प्रकार गंभीर झाला. फसवणूक कळल्यावर संतापलेल्या जमावाने रेडिओ केंद्राची इमारत पेटवली आणि त्यात माणसे दगावली.

त्याहून जुने उदाहरण छापील कथेचे आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये बेल्जियममधल्या मॉन्सची लढाई झाली आणि २९ सप्टेंबर रोजी लंडनच्या एका सायंदैनिकात, मध्ययुगीन धनुर्धरांची भुते ब्रिटिश सैन्याच्या मदतीला आली अशी कथा छापून आली. ती कल्पित आहे हे लेखकाने पुन्हा पुन्हा सांगितले. तरी पुढच्या वर्षापर्यंत ‘मॉन्सचे देवदूत’ प्रत्यक्ष पाहिलेल्या सैनिकांच्या हकिकती गावोगाव पसरल्या होत्या. ज्यांची मुले आघाडीवर होती त्यांना ते खरे हवे होते. म्हणून प्रत्येक भागाच्या आरंभी आणि शेवटी हे कल्पित आहे असे स्वच्छ सांगावे आणि चालू युद्धातल्या खऱ्या ठिकाणांची व पथकांची नावे बातमीच्या रूपात कधीही घेऊ नयेत. भागाचा तुकडा कापून कोणीही पुढे पाठवू शकतो आणि त्या तुकड्यासोबत तुमची सूचना जात नाही.

ज्यांनी खरे युद्ध भोगले आहे, त्यांनी ऐकले तर?

ते ऐकणारच आहेत असे धरून लिहावे. भोंग्याचा आवाज आपल्यासाठी वातावरणनिर्मिती असते, पण ज्याने तो अंथरुणातून उठून ऐकला आहे त्याचे शरीर आजही त्या आवाजाला प्रतिसाद देते. म्हणून भोंगा, स्फोट आणि किंकाळी यांची आगाऊ सूचना द्यावी, शांत संवादानंतर अचानक कानठळ्या बसवणारा आवाज आणू नये आणि गाडी चालवताना ऐकणाऱ्यांचा विचार करून खऱ्या रुग्णवाहिकेशी साम्य असलेला आवाज टाळावा. यामुळे नाट्य कमी होते, ही तक्रार मला मान्य नाही. मी वर वर्णन केलेल्या मोर्सच्या प्रसंगात एकही मोठा आवाज नाही.

मृत सैनिकाला कथेत परत आणताना आणखी एक काळजी घ्यावी. तो केवळ घाबरवण्यासाठी येत असेल, तर त्याला आणू नये. तो कोणाचा तरी मुलगा होता, त्याचे काहीतरी अर्धे राहिले होते आणि तो आला आहे ते त्यासाठी. शत्रूपक्षाचा सैनिक असला तरी हेच.

घरच्या घरी ध्वनिमुद्रण करता येईल का?

येईल. संवादांसाठी कपड्यांनी भरलेले कपाट किंवा चारी बाजूंनी टांगलेल्या गोधड्या पुरतात, कारण आपल्याला हव्या त्या खोलीचा आवाज नंतर घालता येतो, पण मुद्रणात शिरलेला खोलीचा आवाज काढता येत नाही. शक्य असेल तर पात्रांना एकत्र उभे करून मुद्रण करावे. एकेकट्याने वाचलेल्या संवादांत श्वास जुळत नाहीत आणि खंदकात शेजारी शेजारी बसलेली माणसे वेगवेगळ्या गावांतून बोलत आहेत असे वाटते.

साध्या वस्तूंतून बरेच काही निघते. कातडी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून दाबले की बर्फातली पावले ऐकू येतात. पातळ पत्र्याचा मोठा तुकडा हलवला की दूरची तोफ किंवा मेघगर्जना होते. ओल्या फडक्यावर बूट दाबून उचलला की चिखल होतो. प्रत्येक जागी अर्धा मिनिट कोणीही न बोलता नुसती शांतता मुद्रित करून ठेवावी. संकलनाच्या वेळी संवादांच्या फटी तिनेच भरतात.

आवाजाची पातळी शेवटी तपासावी. स्टिरिओ कार्यक्रमासाठी सरासरी उणे १६ एलयूएफएस (आवाजाची जाणवणारी पातळी मोजण्याचे एकक) ही पॉडकास्टमध्ये रूढ असलेली पातळी या प्रकारालाही चालते. तयार झालेला भाग एकदा हेडफोनवर आणि एकदा फोनच्या साध्या स्पीकरवर ऐकावा. कुजबुज दुसऱ्या खेपेला कळली नाही, तर ती पुन्हा मुद्रित करावी.

युद्धातली खरी ध्वनिमुद्रणे वापरावीत का?

हक्कांची लेखी परवानगी असल्याशिवाय वापरू नयेत. परवानगी मिळाली तरी विचार करावा, कारण त्यांतले मरणारे लोक खरे आहेत. अभ्यासासाठी ती जरूर ऐकावीत आणि मग आपला आवाज आपण तयार करावा. अमेरिकेच्या सैन्यात १९४४-४५ मध्ये सुमारे ११०० जणांचे एक पथक होते, ज्याने रणगाड्यांचे आवाज तारेवर मुद्रित करून मोठ्या कर्ण्यांतून वाजवले आणि नसलेले सैन्य शत्रूला ऐकवले. ते आवाज सुमारे २४ किलोमीटरपर्यंत पोहोचत, असे सांगितले जाते. आवाज तयार करून खऱ्या सैन्याला चकवता येत असेल, तर श्रोत्यापुढे रणांगण उभे करणे अशक्य नाही.

भाग किती आणि किती लांबीचे असावेत?

पहिल्या प्रयत्नात पंचवीस ते तीस मिनिटांचा एकच भाग करावा. मालिका करायची झाली तर सहा भाग पुरेत. एका वेळी चारपेक्षा अधिक आवाज बोलू लागले की कोण बोलते ते कळत नाही. त्यांतही दोन आवाज एकाच वयाचे आणि एकाच पट्टीचे नसावेत.

शेवटी सगळ्याचा उलगडा करावा का?

यंत्राचा उलगडा करावा, माणसाचा करू नये. प्रतिध्वनी का आले, ते त्याच लहरीवर का आले आणि ते का थांबले, याचा हिशेब श्रोत्याला मिळाला पाहिजे, नाहीतर त्याने इतका वेळ लावलेला कान वाया जातो. पण त्या अनोळखी माणसाला तिच्यापर्यंत काय पोहोचवायचे होते, हे आठ महिने ऐकूनही तिला कळलेले नसते, आणि श्रोत्यालाही ते कळू नये. माझ्या मते त्या प्रसंगाच्या शेवटी संदेश पूर्ण होतो, ती पेन्सिल खाली ठेवते आणि बऱ्याच वेळाने स्वतःच्या टेबलावर, कळ नसलेल्या लाकडावर, बोटाने त्याला पोच देते. तिचा हात नवशिका आहे. डॅश आखूड पडतात. मग हेडफोनमधली खरखर तेवढी राहते आणि व्हॉल्व्ह थंड होऊ लागल्यावर तीही हळूहळू विरते.